वजा एक तृतीयांश

तार्तूच्या संग्रहालयात, तळघरातल्या तिसऱ्या खोलीत
मंगळवारी आम्ही चौघं बसतो:
राइवो भौतिकवाला, हेडविग तत्त्वज्ञानाची,
काच फुंकणारा म्हातारा उल्लो, ज्याला कुठल्याच विभागात टेबल नाही,
आणि जुन्या वह्या वाचणारी मी.
अर्जावर 'विषय' अशी एकच चौकट होती.
तिच्यात आम्ही चार शब्द कोंबले.
अर्ज परत आला: अक्षरं चौकटीबाहेर जातात.

वही एका पाद्र्याची, अठराशे एकपासूनची.
रोज सकाळी सात वाजता
उत्तरेच्या खिडकीबाहेरचा पारा.
वीस वर्षांत एक दिवस चुकला नाही.
बायको गेली त्या सकाळीही:
उणे नऊ, वारा नाही.

राइवोला ती हवी होती, हवामानाच्या लांब दोरीत
आणखी एक गाठ मारायला.
पण हिवाळे जुळेनात.
आजूबाजूच्या गावांपेक्षा एक तृतीयांश अंश उबदार,
दरवर्षी. उन्हाळे मात्र चोख.
"काच हलकी असणार," राइवो म्हणाला.
उल्लोला ते लागलं.
दोनशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी कारागिराची बाजू घेऊन
तो आठवडाभर भट्टीपुढे बसला,
तशीच नळी ओढली, तसाच फुगा फुंकला.
पाऱ्याच्या परवानगीचे कागद तीन विभागांत फिरत राहिले;
पारा स्वतः निघाला असता तर आधी पोचला असता.
नळी खोटं बोलत नव्हती.

मग हेडविगनं विचारलं, तिच्या त्या चीड आणणाऱ्या शांतपणानं:
डिसेंबरात सात वाजता इथं काळोख असतो.
त्यानं वाचलं कसं?

कोणी बोललं नाही.
वाचायला उजेड लागतो
हे आमच्यापैकी कुणाच्याच विषयात नव्हतं.

तेव्हा मी स्वयंपाकघराची वही काढली.
जर्मन हिशोब, तेलकट कडा:
मीठ, हेरिंग, मेणबत्त्या,
एप्पला लोकरी मोजे, एक जोड,
पहाटे बाहेर दिवा धरून उभी राहते म्हणून.

एप्प. पुढे काही नाही.
तिच्या लोकांना आडनावं अजून मिळायची होती.

फेब्रुवारी, अठराशे नऊ: एप्प तापात. रस्सा.
अकरा दिवस.
आणि त्याच अकरा दिवसांत पारा शेजाऱ्यांशी जुळतो.
(मग तेव्हा कसं वाचलं? बहुधा बुवा उजाडायची वाट बघत बसले,
आणि वहीत सातच लिहिलं.)

जानेवारीत आम्ही नळी बाहेर टांगली.
राइवोची विद्यार्थिनी कार्त, चणीनं लहान,
टाचा उंचावून मेणबत्ती धरून उभी राहिली.
साठ आकडे मोजले.
ज्योत, गाल, श्वास.
पारा चढला, एक तृतीयांशाला जरा कमी.

"अकरा दिवस म्हणजे काहीच नाही," राइवो म्हणाला, आणि ते खरंच आहे.
तरी त्यानं सगळ्या हिवाळ्यांतून तेवढं वजा केलं.
रकाना आता स्वच्छ दिसतो.
हेडविग त्याच्याशी बसथांब्यापर्यंत भांडत गेली:
उरलेलं तापमान कुठल्या हवेचं?
जिच्यात कुणीच उभं नव्हतं ती हवा
त्या खिडकीबाहेर कधी होती का?
बस आली. तो चढला. ती खालूनच बोलत राहिली.

मला शाळेतली बेरीज आठवते.
हातचा धरायचा असतो, बोटावर,
उत्तरात तो दिसत नाही,
विसरला तर मात्र सगळंच चुकतं.

तळटीपेत मी तिचं नाव घातलं.
संपादकांनी काढलं. 'दिवा-दुरुस्ती' पुरेसं आहे म्हणाले.

उल्लोनं एवढंच विचारलं,
मोजे मिळाले का तिला?

मी वही पुन्हा उघडली.
नोंद खोडलेली नाही.
पण पुढे, पैशांच्या रकान्यात,
काही लिहिलेलं नाही.