तरीवर ऐकलेली गोष्ट

डोंबिवलीहून मे महिन्यात आलेला अद्वय
माझ्या तरीत बसून वही वाचून दाखवतो.
बाबांचे गुडघे गेल्यापासून वल्हं माझ्याकडे,
म्हणून ऐकणंही माझ्याकडेच.

त्याच्या वहीत एक बेट आहे.
बेटाखाली गिळगा.
दर ओहोटीला तो बेटावरचा एक शब्द गिळतो.
आधी ‘पोफळ’ गेली, मग ‘दिवेलागण’,
मग एका बाईच्या मुलाचं नाव.
बाई अजून दोन ताटं वाढते.
दुसरं कुणाचं, ते तिला आठवत नाही.
कावळ्यांना घालते, भांडी घासते, निजते.
(इथे माझं वल्हं जरा थांबलं.)
मग एक मुलगा येतो.
बाहेरून. बाहेरूनच येणार.

समोर दुर्वा, मांडीवर कालवांची टोपली,
बोटं चिरलेली, नाक वर:
“आणि तोवर आमी खंय होतंव?”

अद्वयनं चष्मा पुसला.
“तुम्ही होतात ना. वाट बघत.”
“कितकी वर्सां?”
“शंभर.”
“मगे शंभर वर्सां जेवाण कोण रांधी होता?”

मला दोघांचंही पटलं, हीच पंचाईत.

गावाला गावाचं दुखणं दिसत नाही असं नाही.
आपण त्याला नाव देतो, वार देतो,
वर्षाला एक नारळ देतो,
मग ते दुखणं उरत नाही, मानकरी होतं.
धक्क्याची तिसरी पायरी
मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून निखळलेली.
आमचे पाय काळोखातही ती गाळतात.
परवा अद्वय तिच्यावरून सपशेल आपटला,
ढोपर फुटलं, आणि रडायच्या आधी त्यानं विचारलं,
“ही कुणी बसवत का नाही?”
सगळी तर गप्प.
कोळंबीच्या पाटीवर माश्या तेवढ्या बोलत होत्या.

शब्द गेला हे कळायला
तो शब्द अजून ज्याच्या तोंडात आहे
असं कुणीतरी लागतं.
गिळग्याच्या बेटावर असं कुणी उरणार कुठून?

पण मग खाजणाचा बांध.
कुर्ल्या त्याला पोखरतात, रोज, इमानदारीनं.
अमावास्येच्या उधाणाला बाबल तारी, म्हणजे माझे बाबा,
आणि आणखी चौघं-पाचजणं
बॅटरी दातांत धरून भोकं बुजवायचे.
एक भोक राहिलं तर सकाळी शेतात मीठ.
त्याची गोष्ट होत नाही,
कारण त्या रात्री काहीच घडत नाही.
काही घडू नये म्हणून तर
ती माणसं कमरेएवढ्या चिखलात उभी.

आणि एक. हे मी अद्वयला सांगितलं नाही.
ज्याचं परतीचं तिकीट काढलेलं असतं
त्याला गिळग्याच्या जबड्यात हात घालणं सोपं.
आम्हाला उद्या त्याच पाण्यात जाळं टाकायचं असतं.
याला भित्रेपणा म्हणा हवं तर.
मीही कधी कधी म्हणते.

वहीच्या शेवटच्या पानावर
तो मुलगा होडीतून बेटावर उतरतो.
होडी कुणी वल्हवली, ते लिहिलेलं नाही.
मी विचारलं नाही. पैसेही घेतले नाहीत त्या फेरीचे.

शुक्रवारच्या गाडीनं अद्वय गेला.
वही दुर्वाकडे ठेवून गेला, पेन्सिलीसकट.
तिनं मधली चार पानं खोडली आहेत म्हणे,
आणि त्या दोन ताटं वाढणाऱ्या बाईला
पहिल्याच पानावर आणून बसवलंय.

पायरी अजून तशीच.
एवढंच, की परवापासून माझा पाय तिथे अडखळतो.
इतकी वर्षं गाळलेली जागा,
आता रोज टोचते.
दुर्वा पाटी टेकवून वाकली, बोटांनी फट मापली:
“अर्धी गोण सिमिट पुरे.
रेती आपलीच आसा.”