नेम नाही

टकल्यांच्या इराने रायफल टेबलावर ठेवली
आणि स्वतःच गुन्हेगारासारखी बाजूला उभी राहिली.
"काका, माझंच चुकतंय. सर म्हणतात, मन थाऱ्यावर नाही."

तीन महिने हेच चाललं होतं.
तिने चहा सोडला, मग पोहे सोडले
(इंदुरात राहून पोहे, म्हणजे बघा).
आईने खजराण्याच्या गणपतीला एकवीस बुधवार बोलले,
वडिलांनी तिचा मोबाइल कपाटात कुलपात घातला.
रायफलीला कोणी काहीच विचारलं नाही.

मी विचारलं.
आधी नळीत छर्रा नाही ना, ते डोळ्यांनी पाहिलं,
मग काडी घालून पुन्हा पाहिलं.
डोळ्यांवर माझा तेवढा विश्वास नाही.

चाप नवा होता. बापाने हौसेने बसवलेला,
लाल पात्याचा, बाहेरून मागवलेला,
मूळचा जुना म्हणून शेवेच्या डब्यात पडलेला.
मी सराफ्यातून आणलेली वजनं दोऱ्याला बांधली
आणि एकेक ग्रॅम वाढवत गेलो.
एकशे दहाला सुटला.
मग एकशे चाळीसला.
मग नव्वदला, मग पासष्टला,
आणि सातव्या वेळी मी वजन अडकवायच्या आत
टेबलाला कोपर लागलं तेवढ्याने.

इरा म्हणाली, "हा असाच करतो?"
म्हटलं, याचा काही नेम नाही.
ती हसली नाही. मलाही उशिरा कळलं मी काय बोललो.

पिना काढल्या, बशीत ओळीने मांडल्या,
भिंग डोळ्याला लावलं.
अडणीची कड, जिथे सगळा भार थांबायचा,
तिथला मुलामा उडालेला,
आतला धातू मऊ, झिजून गोल झालेला,
खोबऱ्याच्या वडीचा कोपरा बोटांनी खाल्ल्यासारखा.
स्क्रू फिरवून, तेल घालून काही होण्यातलं नव्हतं.
तिलाही दाखवलं. तिने भिंगातून खूप वेळ पाहिलं,
एखाद्याचं पत्र वाचावं तसं.

मला भगीरथ आठवला.
मिलमध्ये असताना, सत्त्याऐंशी साल असेल,
त्याच्या साच्यावर सूत सारखं तुटायचं.
मी अहवालात लिहिलं: कामगाराचा हात जड.
तीन दिवसांची मजुरी कापली गेली.
दिवाळीनंतर चाती उघडली तर
बेअरिंग खाल्लेलं.
ते मी बदललं. अहवाल नाही बदलला.
पुढे मिलच बंद पडली
आणि तो परदेशीपुऱ्यात कुठेतरी भाजी विकतो असं कोणी सांगितलं.
मी त्या बाजूला भाजीला जात नाही.

जुना चाप रॉकेलमध्ये धुतला, शेवेचं तिखट निघालं,
बसवला. एकशे वीस. एकशे बावीस. एकशे वीस.
दहा वेळा टांगलं, दहा वेळा तेच बोलला,
माझ्या आजोळच्या लोकांसारखा
कंटाळवाणा आणि खरा.

वडिलांनी विचारलं, नव्याचे पैसे परत मिळतील का.
मी म्हटलं, विचारून बघा.
पोरीचे तीन महिने कोणाकडे मागायचे
ते त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.
तोंडाला चाप लावायचं वय झालंय माझं.

आता ती रोज संध्याकाळी येते,
राजेंद्रनगरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये,
रिकाम्या रायफलीने समोरच्या भिंतीवर नेम धरते.
खट.
मग श्वास. मग खट.
"जड वाटतोय," म्हणते.
"हा जडच होता. तू याच्यावरच शिकलीस."

पण बोट अजून दचकतं, मला दिसतं.
चाप आता खोटं बोलत नाही तरी
ते आधीच आकसतं, ओरडा खाल्लेल्या मुलासारखं,
आणि ती लगेच माझ्याकडे बघते
की मी पाहिलं का.

मी पिनांची बशी पुसत बसतो.
चाप बदलायला वीस मिनिटं लागली होती.