सगळं त्यात आलं

हातातला निळा पट्टा अजून कापला नाही मी.
कणिक मळताना कोपराकडे सरकवते.
मेसमधले पोट्टे विचारतात, काकू, दवाखान्यात होत्या काय?
हो म्हणते. चार दिवस भरती होते.

खोटं नाही ते. भरतीच होती,
दिवसातून दोनदा, खोलीच्या पायरीपर्यंत यायची.

तिकिटं अठ्ठ्याण्णवच्या बॅचनं काढली.
मेडिकल चौकाच्या मागे, माझ्या टिनाच्या शेडखाली
पाच वर्षं जेवलेली पोरं.
निशिकांत खोब्रागडे आता अकोल्यात हाडं जोडतो,
आणि तो बोकडे, दोन महिन्यांचे पैसे बुडवून पळालेला,
त्यानंच म्हणे सगळ्यात जास्त टाकले.
फोनवर म्हणाला, काकू, तिथं काहीच द्यायचं नाही,
राहणं, चहा, जेवण, आइस्क्रीम, सगळं त्यात आलं.
मी म्हटलं, लोणचं?

दोन माणसांचं होतं. दुसरं कोण, हा विचार करावा लागला नाही.
पंचफुलाला म्हटलं, लुगडी धुऊन ठेव.
त्या पोरांची ताटं तिनंच घासलेली.
नागपूरच्या बाहेर तिनं रामटेक पाहिलेलं,
आणि भावाच्या मयताला एकदा बल्लारशा.

गेल्या गेल्या काय, तर पलंगावर
टॉवेलचा हंस करून ठेवलेला.
पंचफुलानं तो मोडू दिला नाही.
चार रात्री काठावर झोपली, हंसाला जागा देऊन.
अंग पुसलं जुन्या लुगड्यानं.

जेवणाच्या हॉलात छत्तीस पदार्थ.
मी वरण चाखलं. हिंग नव्हता. बोलले नाही.
ती ताटल्या मोजत होती.
इतक्या ताटल्या कोन घासत असन वो बाई?
दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं जाऊन शोधून आली:
तीन पोरी हायेत. मशीन हाय.
तरी हात फाटलेच हायेत त्याईचे.
त्या रात्री एकाच ताटलीत तिनं
भात, मासा आणि खीर खाल्ली.
मग मीही.

तिसऱ्या दुपारचं मला नीट सांगता येत नाही.
छत्रीखाली पाय लांब करायची खुर्ची,
समोर समुद्र, काही मागत नसलेला.
डोळे मिटले ते पाचाला उघडले.
अकराला कुकर, चाराला कांदा,
एकतीस वर्षांत चुकला नव्हता तो कांदा.
चुकला. आणि कोणी उपाशी नव्हतं.
हे किती वेळ पटेना,
कोणाचं तरी ताट राहून गेलंय
असं वाटत, मी उठून बसले.
पंचफुला गुडघाभर पाण्यात वाकलेली.
मला वाटलं शिंपले वेचते,
तर मूठभर रेती घेऊन
पायातली तोरडी घासत होती,
लख्ख.

आता मे. शेहेचाळीस.
कूलरच्या खशीला वास आहे, पण गारवा नाही.
झिरो माइलपासून म्हणे गावागावांचं अंतर मोजलंय,
समुद्राचं कोणी मोजलं असेल तर मला माहीत नाही.
पट्ट्यावरची अक्षरं तेलानं, बेसनानं पुसत आली.
परवा गडचिरोलीकडचा एक नवा पोरगा आला,
मान खाली घालून म्हणाला,
भात परत घेतला तर किती होतात?
घे ना बापा, म्हटलं, तो त्यातच आला.

पंचफुलानं तिचा पट्टा पहिल्याच दिवशी विळीवर कापला,
हाताला आडवा येते म्हणाली.
हंसाचं मात्र अजून बोलते,
त्यानं मोडला असन का वो आपल्या मागं?

पहाटे साडेचाराला आमच्याकडे नळ येतो.
आधी नुसती हवा, मग खरखर,
मग दूरवरून काही तरी धावत आल्यासारखं.
ती अंधारात गुंड लावून बसलेली असते.
आज तिथूनच हाक मारली तिनं:
उठा वो बाई,
भरती आली.