पाच पूर्णांक शून्य चार

वजन एक किलो चारशे.
हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर लिहितेय,
कारण कागद फाइलीत
आणि फाइल डॉक्टरांच्या काखेत.

टाचेच्या थेंबात साखर बत्तीस निघाली.
दोन पूर्णांक आठ मिली शिरेतून दिलं, सावकाश.
आता पुढचं:
दर किलोला, दर मिनिटाला, सहा मिलिग्रॅम.
सहा गुणिले एक पूर्णांक चार, गुणिले पुन्हा सहा,
भागिले दहा.
मिनिटांचं आणि तासांचं भांडण
या सूत्रात कुणीतरी आधीच मिटवून ठेवलंय,
मी नुसते आकडे ओतते.

पाच पूर्णांक शून्य चार.

कुरणे सिस्टर माझा खोका न बघता
तळहातावर तेच गणित मांडते.
दोघींनी वेगवेगळं करायचं, मग ताळा.
टिंब एक घर सरकलं तर
हे वाक्य इथं कुणी पुरं करत नाही.

दाराबाहेर धोंडिराम चौगले,
वडणग्याच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या.
चपला हातात धरून उभा,
सदऱ्याला काकवीचा वास.
"किती देताय साखर, बाई?"
"दिवसाला बारा ग्रॅम."
तो हसला नाही.
"आमच्यात काहिलीच्या काठाला
ह्याच्यापरास जास्त चिकटून ऱ्हातंय."
मग थोडं थांबून,
"आन जास्त झाली तर?"
"तेही वाईटच."
"म्हंजे पाकच की ओ.
जरा कमी पडला तर रवा बसत न्हाई,
जरा चढला तर करपला.
मी पाण्यात थेंब सोडून गोळी बगतो.
तुमी?"
"मी टाच टोचते."
त्यानं डोळे मिटले. मला वाटतं
त्याला ते कळलं, आणि नकोही होतं.

पंपाला दशांशाचं एकच घर कळतं.
पाच पूर्णांक शून्य.
उरलेले ते शून्य चार
मी कुणाला देऊ?
तासाला चार मिलिग्रॅम, मुंगीही वळून बघणार नाही.
पण काचेच्या पेटीत तो एवढासा
मूठ आवळून झोपलाय,
जणू तेच धरलेत.

पहाटे साडेचारला पुन्हा टाच.
तो रडला. पहिल्यांदाच नीट, चिडून.
एकसष्ट.

बाहेर जाऊन सांगितलं.
चौगल्यांनी काही विचारलं नाही.
रात्रभर हातात धरलेल्या चपला
फरशीवर ठेवल्या,
एकीशेजारी एक, सरळ,
आणि त्यांच्याकडं बघत उभे राहिले.

आत मावशी खोका केरात टाकायला निघाली.
"थांब," म्हटलं, "ताळा राहिलाय."
राहिला नव्हता.