चौकटी

बावीस वर्षं मी फोटोवर चौकटी आखून
चेहरे मोठे केले,
भिंतीवर, पत्र्यावर. नाक तिसऱ्या घरात,
हसू पाचव्यात.
मग फ्लेक्स आले.

आता मंगळवारी, नंदुरबारला, कुवर सरांच्या शेडखाली
पोरापोरींत मी एकटा चष्मेवाला,
समोर स्टुलावर ठगूबाई,
मिरचीच्या पथारीवरून थेट आलेली.
तिनं पदर झटकला की पहिली रांग शिंकते.

"हलू नका मावशी," कुणीतरी म्हणतं.
ती हलत नाही. फक्त बोटं
मांडीवर देठ खुडत राहतात, मिरची नसलेले.

हात लांब करून मी कोळशाच्या कांडीनं डोळा मोजतो,
एका डोळ्याएवढी जागा सोडतो, मग दुसरा.
सर मागं थांबतात. "पासपोर्ट झाला हा."
आणि कांडी माझ्या डाव्या हातात देतात.

रबर संपलेलं. डब्यातली भाकर मळून
मी गाल पुसू लागतो.
ठगूबाई मान वळवते,
"मन्हं तोंड भाकरवरी पुसी राह्यना का रे, भाऊ?"
हसता हसता पाणी येतं डोळ्यांत,
ते मनगटानं टिपते.
बोटांनी नाही. बोटांनी कधीच नाही.

डावा हात घाबरत तिकडेच गेला.
मनगट भलतंच मोठं झालं, नाक राहूनच गेलं,
एक रेघ कागद सोडून फळीवर.

सुट्टीत ती येऊन बघते. बराच वेळ.
"हाई मी नही," म्हणते.
मग वाकून, "हात मातर मन्हाच शे."

भाकरीचा काळा गोळा
ती उचलते, कपाळाला लावते
आणि बाहेर मुंग्यांपाशी ठेवून येते.