नमुना क्रमांक सतरा

ती जाहिरात फळ्यावर मीच लावली होती,
मेसच्या थकबाकीच्या यादीतली एक टाचणी काढून.
मृदाशास्त्र विभाग. परदेशी विद्यापीठात अठरा महिने,
जागा दोन, विषय खारवट जमिनी.
चार दिवस कोणी वाचली नाही.
पाचव्या दिवशी मोनाली भटकर
शेवटची तारीख तळहातावर लिहून घेत होती.
"शालिकभाऊ, राहू द्याजा फळ्यावर. बाकीचेही पाहतीन."
कोणी पाहिली नाही.

तिचं गाव पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात.
माझं त्याच्या शेजारचं.
आमच्या विहिरींच्या पाण्यात चहा फुटतो,
तुरीची डाळ दोन तास रटरटते
आणि कडकच राहते.
सोयरे आले की धरणाच्या पाण्याची कळशी
उसनी आणायची, आणि परत करताना
थोडी जास्तच भरून द्यायची.

मुलाखत दिवाळीच्या सुट्टीत आली.
गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर,
सातव्या पायरीपासून वर.
मी मोबाइल धरून उभा, दुसऱ्या हातात छत्री,
पडद्यावर ऊन पडू नये म्हणून.
समोर तीन चेहरे. एका बाईच्या मागं
खिडकीवर पाऊस.
बाईनं विचारलं, मिठाशी तुमची ओळख कधीपासूनची?
मोनालीनं पाठ केलेली वाक्यं सोडून दिली.
म्हणाली, आमच्या घरी पाणी तपासायला
आधी दूध ओततात. यंत्र नंतर आलं.
पाऊसवाल्या बाईनं मान खाली घालून
बराच वेळ काही लिहिलं.
माझा हात भरून आला होता. मी हललो नाही.

मग चाळीस पिशव्या माती.
वाळवली, कुटली, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली,
सगळं मीच. सतरा नंबर तिच्या घरचा,
धुण्याच्या दगडामागचा.
मातीला परवाना लागतो, देश सोडताना.
तीन शिक्के, एक शपथपत्र,
की हिच्यात कीड नाही, बी नाही, मूळ नाही.
एकोणीस दिवसांत माती सुटली.

मोनाली अडकली.
दाखल्यावर आई शेवंता, आधारवर सेवंता,
बँकेत शेवंताबाई.
एक बाई तीन कागदांवर तीन जणी झाली
आणि तिघींनाही तहसीलच्या रांगेत उभं राहावं लागलं.
तिकडून पत्र आलं:
नमुने सुखरूप पोचले. विद्यार्थिनी केव्हा येणार?
शेवंताबाईंनी मलाच धारेवर धरलं,
"माती त पोचली बापा,
माया पोरीले काऊन अडवून ठेवलं?
तिच्यात बी हाय म्हनून का मूळ हाय म्हनून?"
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
विभागप्रमुखांकडंही नव्हतं. त्यांनी चहा मागवला.

ती गेली, फेब्रुवारीत, दुसऱ्याचा स्वेटर घालून.
तिची जागा भरली. दुसरी जागा
रिकामीच राहिली, हे मी कोणाला सांगत नाही.

परवा दुपारी फोन.
"भाऊ, सतराचा उरलेला अर्धा किलो आहे ना?
इथले आकडे जुळत नाहीत. मोजता का?"
मी परिचर. बाटल्या धुतो, दिवे बंद करतो.
यंत्राला हात लावायचा नाही, असं दारावर लिहिलेलं,
माझ्याच अक्षरात.
पिशवीवरचा सतरा पुसट झाला होता,
आधी तो गिरवला.
मग ऊर्ध्वपातित पाणी, एकास दोन, ढवळलं,
अर्धा तास थांबलो. तीही थांबली, फोन चालू ठेवून.
तिच्याकडं कोणीतरी शिंकलं, ते मला ऐकू आलं.

"चार पूर्णांक दोन."
"पुन्हा मोजा, भाऊ."
मोजलं. चार पूर्णांक दोन.
थोडा वेळ नुसती खरखर.
मग हळूच, टाकीच्या जिन्यावरच्याच आवाजात,
"मंग यायचंच यंत्र तपासा लागन."