भरीव

सोहारच्या इस्पितळात मी जागा होतो.
कमरेखाली काही कळत नव्हतं, वर सगळं कळत होतं.
हिरवा पडदा, पडद्यापलीकडे हातोडा.
पहिले दोन ठोके पोकळ.
तिसरा जरा बरा.
पाचव्याला मी मनात म्हटलं, बसला,
आणि डॉक्टर हिलालही तेव्हाच थांबले.

पस्तीस वर्षं लाद्या बसवल्यात मी,
मशिदींत, मॉलमध्ये, बड्यांच्या न्हाणीघरांत,
गुडघ्यांवर.
आवय म्हणायची, झील रांगूक उशिरा लागलो.
ते सगळं इथे फेडलं.

मग वास आला, नखांच्या रंगासारखा, उग्र.
सिमेंट, नर्स लिजी म्हणाली, आणि मिनिटं मोजू लागली.
आम्ही लादी भिजवतो, हे हाड कोरडं करतात,
फवाऱ्याने धुऊन, टिपून घेऊन,
म्हणजे बारीक छिद्रांत माल उतरतो.
उलटं काम. पण दाबून धरणं तेच,
आणि ताकीदही तीच, हलू नका कुणी.
शफिकुलला किती शिव्या घातल्या असतील मी
ओल्या कामावर पाय दिला म्हणून.
बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, झालं.
बारा! माझ्या लादीला रात्र लागते.

वर्षाने एक्स-रे काढला.
हाड संपतं आणि सिमेंट लागतं तिथे
डॉक्टरांनी बोट फिरवलं.
इथे काळी रेघ दिसली असती तर काळजी.
रेघ नव्हती.
किती टिकेल, मी विचारलं.
पंधरा वर्षं, वीससुद्धा. तुम्ही किती राहणार?
व्हिसाचं विचारतायत असं वाटून
मार्चपर्यंत, म्हणालो.
ते हसले नाहीत.

बाहेर लांबच लांब कॉरिडॉर. ही फरशी माझी,
दोन हजार चारच्या रमजानातली, रात्रपाळीची.
काठी टेकत निघालो, ठक, ठक,
आणि खांबापासून तिसऱ्या लादीला
ढब.
पुन्हा टेकली. ढब.
वीस वर्षं माणसं गेली हिच्यावरून, स्ट्रेचर गेली,
कोणाच्या कानाला लागलं नाही.
कोपऱ्यात माल कमी पडला असणार, सहरीची घाई,
शफिकुलचा हात,
किंवा माझाच.

काठी बगलेत धरली.
नवा पाय तिच्या मधोमध ठेवला
आणि सगळा भार दिला.
गुडघा हलला नाही.
लादीही नाही.
एक सफाईवाला बादली घेऊन थांबला होता,
मी बाजूला होईन म्हणून.